पळणारे ढीगभर, पाय बघणारं कोण?

पहाटे साडेपाचला नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला लागा. कडेनं पोरं-पोरी पळताना दिसणारच. कुणाची पोलीस भरती आहे, कुणाची अग्निवीर, कुणाला जिल्ह्याच्या क्रॉसकंट्रीत नंबर काढायचाय. ग्राउंड म्हणाल तर पावसाळ्याचे चार महिने नुसता चिखल. म्हणून मग डांबरावरच पळायचं.

पळणं या मातीला नवीन नाही. याच तालुक्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये ब्राँझ घेऊन आली. राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये सिल्व्हर. सावरपाडा एक्स्प्रेसची ही गोष्ट आपण शाळेच्या गॅदरिंगपासून भरतीच्या अकॅडमीपर्यंत शंभरदा ऐकलीये. गरिबी, अनवाणी पाय, डोंगर, जिद्द, कोच. असल्या सगळ्याच गोष्टींमध्ये एक माणूस मात्र कधी नसतो. पळणाऱ्याचा पाय हातात घेऊन ‘आज पळायचं नाही’ असं सांगणारा.

त्या माणसाला जगात नाव आहे. अ‍ॅथलेटिक ट्रेनर. आता ‘ट्रेनर’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतो तो टाइट टी-शर्टवाला, ‘भाई, और दो मार’ म्हणणारा जिमवाला. तो हा नव्हे. अमेरिकेत या लोकांची संघटना १९५० पासून आहे. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं १९९० मध्ये हा आरोग्यसेवेतला व्यवसाय म्हणून मान्य केला, आणि २०२२ नंतर तर नुसत्या बॅचलर डिग्रीला नवे प्रवेशही बंद झाले, मास्टर्सच लागते. वर परीक्षा, लायसन्स. शाळा-कॉलेजच्या मैदानावर हा माणूस उभा असतो. दुखापत होऊ नये म्हणून आधी, झाली तर त्या मिनिटाला, आणि नंतर खेळाडू परत उभा राहीपर्यंत.

आपल्याकडे हे काम कोण करतं? स्प्रे करतो. मुरगळलं, स्प्रे. नडगी दुखतेय, स्प्रे. नाहीच थांबलं तर हळदीचा लेप, गावातला हाडवैद्य, आणि मग ‘मनाचं दुखणं आहे, पळ’.

नडगीचंच घ्या. भरतीला दोन महिने उरले की पोरगं अचानक रोज दहा किलोमीटर डांबरावर पळायला लागतं. हाडाला भार सवयीचा व्हायला वेळ लागतो, तो मिळत नाही. आधी पळताना दुखतं, मग चालताना, मग रात्री झोपेतही. बोटानं दाबल्यावर एकाच जागी जीव जाईल इतकं दुखत असेल तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायला हवी आणि पळणं थांबवायला हवं. शिकलेला माणूस जागेवर असेल तर पाच मिनिटांत हे ओळखून पुढं पाठवेल. नसेल तर १६०० मीटरची चाचणी जाते आणि पोरगं आयुष्यभर ‘नशीब नव्हतं’ म्हणत राहतं.

मुलींचं तर बोलायलाच नको, म्हणजे कुणी बोलतच नाही. जोरदार सराव आणि अर्धपोटी जेवण चालू असलं की पाळी लांबते, कधी थांबते. बऱ्याच जणींना ती सुटका वाटते. स्पर्धेत कटकट नको. खरं तर शरीर सांगत असतं की इंधन पुरत नाहीये, आता हाडांतून वसुली होणार. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ पासून याला स्वतंत्र नाव देऊन इशारा दिलाय. आश्रमशाळेतली पोरगी हे पुरुष कोचला सांगेल? मला नाही वाटत.

आणि काही गोष्टी जिवावरच्या असतात. २०२४ च्या पोलीस भरतीत नवी मुंबईत पळताना एका उमेदवाराचा जीव गेला. त्याच वर्षी झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहाहून जास्त पोरं गेली. प्रत्येकाचं कारण वेगळं असेल, त्यावर मी इथं बसून निकाल देणार नाही. पण पळताना होणाऱ्या उष्माघाताबद्दल या शास्त्राचा एक नियम पक्का आहे: आधी गार करा, मग गाडीत घाला. बर्फाच्या पाण्याच्या टबात माणसाला गळ्यापर्यंत बसवायचं, पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरवायचा. टब, पाणी, बर्फ. एवढंच. लग्नात कोल्ड्रिंक गार करायला आपण जे वापरतो तेच. पण ते मैदानावर आधीपासून भरून ठेवायचं कुणाला सुचणार? जो ते शिकलाय त्यालाच.

आपल्या पट्ट्यासाठी अजून एक गोष्ट महत्त्वाची, सिकलसेल. आदिवासी भागात हा आजार आढळतो हे सरकारलाही माहीत आहे, २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीम चालू आहे. ज्यांच्यात त्याचा फक्त एक जीन असतो त्यांना एरवी काही त्रास नसतो, ते धावू शकतात, जिंकूही शकतात. पण तहानलेल्या शरीरानं, उन्हात, एकदम जीव तोडून पळाले तर क्वचित स्नायूच कोसळतात. अमेरिकेत २००६ मध्ये राइस विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉलपटू असाच सरावानंतर गेला. त्यानंतर २०१० मध्ये तिथं वरच्या स्तरावरच्या कॉलेज खेळाडूंना ही तपासणी ठरवून दिली गेली. खेळातून काढायला नव्हे, सराव कसा चढवायचा, पाणी कधी द्यायचं, कधी थांबवायचं हे ठरवायला. आपल्याकडे तपासणीचं कार्ड एका फाईलमध्ये आणि पोरगं मैदानावर, दोघांची गाठच पडत नाही.

मग हे शिकायचं कुठं? सरळ सांगतो, ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग’ नावाची अमेरिकेसारखी पदवी शोधत बसू नका. आपल्याकडे जवळचा रस्ता फिजिओथेरपीचा. बारावी सायन्स, बायोलॉजी घेऊन. नीट. मग बीपीटीएच, चार वर्षांचं शिक्षण आणि वर इंटर्नशिप. त्यानंतर एमपीटी, स्पोर्ट्स घेऊन. लांब आहे, मान्य. दुसरी वाट कोचिंगची, पतियाळाच्या एनआयएसचा डिप्लोमा किंवा मणिपूरचं राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ. पण तिथून कोच होता येतं, दुखापत बघणारा नाही. आणि ‘सहा आठवड्यांत सर्टिफाइड स्पोर्ट्स इंज्युरी एक्स्पर्ट’ असं इन्स्टावर दिसलं तर पैसे खिशात ठेवा. सहा आठवड्यांत कुणाच्या मणक्याला हात लावायचा अधिकार मिळत नसतो.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. अख्ख्या राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जिथून फिजिओथेरपीच्या पदव्या निघतात, ते १९९८ पासून कुठे आहे? नाशकात. म्हसरूळला. आदिवासी विकास आयुक्तालय कुठे आहे? तेही नाशकात. धावपटू कुठे आहेत? त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, चांदवडात. एकाच जिल्ह्यात तिघंही, आणि अजून एका टेबलाशी बसलेले दिसत नाहीत. बालेवाडीच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचं विधेयक २०२० मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, चांगलंच झालं. पण या कामाची पदवी आरोग्य विद्यापीठानंच काढली पाहिजे, कारण हे काम खेळाआधी आरोग्याचं आहे. आणि तिचं शेवटचं वर्ष मुंबईच्या एसी क्लिनिकमध्ये नको, हरसूलच्या आश्रमशाळेत हवं. ‘पोटरीत गोळा आला’, ‘शीर धरली’ असं पोरगं सांगतं तेव्हा नेमकं काय झालंय, हे इंग्रजी पुस्तकात सापडत नाही.

सरावाला पेशंट नाहीत असंही कुणी म्हणू नये. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला या. हजारो पावलं, त्यातली कितीतरी अनवाणी, रात्रभर चिखलातून. फोड, मुरगळे, गोळे, चक्कर… एका रात्रीत सेमिस्टरभराचं प्रॅक्टिकल होईल. पुढं सिंहस्थ आहेच.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच पाहिजे: नोकरी कुठाय? आयपीएलच्या टीम, साईची केंद्रं, शहरातली क्लिनिक, बस. तालुक्याला एकही पद नाही. त्यामुळे ‘करिअरची सुवर्णसंधी’ वगैरे मी लिहिणार नाही. घर चालवायची घाई असेल तर भरतीच द्या, त्यात कमीपणा काही नाही. पण पद नाही म्हणून कोर्स नाही, कोर्स नाही म्हणून माणूस नाही, माणूस नाही म्हणून पद कशाला, हा गोल आपल्याला ओळखीचाय. तो पदाच्या बाजूनं तोडणं सरकारच्या हातात आहे. प्रत्येक तालुका क्रीडा संकुलात एक पद आणि आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा त्या माणसाच्या सहीशिवाय सुरू करायच्या नाहीत, एवढा एक जीआर पुरे.

तोपर्यंत ज्यांच्या अकॅडमीत रोज पन्नास-साठ पोरं पळतात त्यांनी निदान एक करावं. पुढच्या टाइम ट्रायलला स्टॉपवॉचच्या शेजारी पाण्यानं भरलेला टब आणि दोन लाद्या बर्फ ठेवावा. खर्च एका बुटाच्या जोडापेक्षा कमी येतो.