काचेबाहेरची हळहळ

मुंबईतलं एक महागड्या स्पोर्ट्स कारचं शोरूम बंद होऊन बरीच वर्षं झाली. तरी त्याचा फोटो अजून फिरतो. मोठी काच, आत लाल गाडी, वर पांढरे दिवे, मागे हळवं संगीत. खाली ओळ: ‘आमचं बालपण इथेच राहिलं.’

परवा हा फोटो माझ्या आतेभावाने स्टेटसला ठेवला. आतेभाऊ पाचाडला राहतो. रायगडाच्या पायथ्याशी आत्याचं कोकम सरबत नि पिठलं-भाकरीचं दुकान आहे, तो तिथेच बसतो. त्या शोरूममध्ये तो आयुष्यात कधी गेलेला नाही.

मी गेलोय. म्हणजे काचेपर्यंत. त्या जोरावर सांगतो, ही हळहळ खोटी आहे. गरिबाने महागड्या गाडीचं स्वप्न बघू नये, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण चुकीच्या गोष्टीसाठी गळा काढतोय.

२०१२ चा मे महिना. दहावीची परीक्षा संपली होती. महाडहून एसटीने मामाकडे मुंबईला गेलो. मामाची काळी-पिवळी टॅक्सी, पद्मिनी. ‘ती गाडी दाखव’ म्हणून मी दोन दिवस डोकं खाल्लं, तेव्हा त्याने रस्त्याच्या पलीकडे टॅक्सी लावली नि म्हणाला, ‘जा, बघून ये. मी नाही येत.’

मी काचेला नाक लावून उभा राहिलो. आतून कोणी आलं नाही, बाहेरचा वॉचमन आला.

‘हात काढ बाळा. डाग पडतो. मलाच पुसायला लागतो.’

बोलणं ओळखीचं वाटलं. मी विचारलं, ‘काका, गाव कुठचं?’

‘पोलादपूर. तू?’

‘पाचाड.’

मग त्याने मला पाच मिनिटं उभं राहू दिलं. हात मात्र मागे ठेवायला सांगितले.

परतताना सायनला टॅक्सी गरम झाली. मामाने बॉनेट उघडलं, पाणी ओतलं, एक प्लग काढून फडक्याने पुसला, परत बसवला. ‘ही आपल्या कुर्ल्यात झालीय,’ तो म्हणाला. ‘हिचं सगळं माहितीये मला.’ मला तेव्हा लाज वाटली होती, रस्त्यात सगळे बघतायत म्हणून. अनेक वर्षं मी मित्रांना काचेची गोष्ट सांगत होतो. बॉनेटची कधी सांगितली नाही.

आता शोरूम ‘गेलं’ म्हणजे काय झालं ते बघू. फेरारी भारतात अधिकृतपणे आली २०११ मध्ये, एका भारतीय विक्रेत्याच्या मार्फत. काही वर्षांतच तो करार संपला. २०१५ मध्ये फेरारी दुसरे विक्रेते घेऊन परत आली, मुंबईतसुद्धा. मासेरातीचंही साधारण असंच झालं. मध्ये काय बदललं? विक्रेता, पाटी, जागा. त्यात २०१३ च्या अर्थसंकल्पात आयात होणाऱ्या तयार आलिशान गाड्यांवरचं सीमाशुल्क ७५ टक्क्यांवरून १०० टक्के केलं गेलं. म्हणजे एक कोटीच्या गाडीवर आणखी एक कोटी, आणि वर बाकीचे कर वेगळे. असा धंदा कधी चालतो, कधी बसतो. ज्यांना गाडी घ्यायची होती त्यांनी दुसऱ्या दारातून घेतली. त्यांना काही गमावल्यासारखं वाटलं नाही. वाटलं ते फक्त आपल्याला.

आपल्या घराघरांत पोचलेली फेरारी आठवा. २००२ मध्ये सचिनला मिळालेली ३६० मोडेना. तिच्यावरचं एक कोटीहून जास्त सीमाशुल्क माफ होणार म्हणून देशभर वाद झाला, शेवटी ते पैसे फियाटने भरले. २०११ मध्ये सचिनने ती सुरतच्या एका व्यापाऱ्याला विकली. तेव्हाही आपण हळहळलो. गाडी त्याची, पैसे फियाटचे, हळहळ आपली! इतकी फुकटची हळहळ आपण पुरवतो कुठून?

आणि जे खरोखर आपलं होतं, त्याच्या नावाने एक स्टेटस पडत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ नावाची दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार केली. फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, ६० हॉर्सपॉवर. आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ, चिंकारा मोटर्सने रोडस्टर बनवली. तीही फायबरग्लासची, आणि इंजिन १.८ लिटरचं इसुझूचं, जे अॅम्बेसेडरमध्ये बसायचं तेच. अलिबाग पाचाडपासून काही तासांवर. यातलं तुला काही माहीत होतं? मला पंचविशी उलटेपर्यंत नव्हतं. इटलीतल्या गाडीचे शून्य ते शंभरचे सेकंद मात्र तोंडपाठ.

लगेच उत्तर येईल की त्या गाड्या भंगार होत्या. होय, ६० हॉर्सपॉवरला कोणी वादळ म्हणत नाही. डीसी अवंतीचंही सांगून टाकतो. २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये अमिताभ बच्चनच्या साक्षीने तिच्यावरचा पडदा निघाला, आणि डिसेंबर २०२० मध्ये कंपनीच्या संस्थापकाला फसवणुकीच्या आरोपाखाली मुंबई पोलिसांनी अटक केली. हे सगळं लपवून देशी गाडीची आरती ओवाळायची मला हौस नाही. पण कमी ताकदीच्या गाडीच्या कारखान्यातही कोणीतरी साचा घडवतो, कोणी वेल्डिंग करतो, कोणी वायरिंग चुकवतो आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करतो. तिथून माणूस काहीतरी शिकून घरी जातो. शोरूमबाहेर मी एकच गोष्ट शिकलो, हात मागे ठेवून उभं राहायला.

कुर्ल्याचा प्रीमियरचा कारखाना २००० च्या सुमारास पद्मिनी बनवायची थांबला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हा चार दिवस फोटो फिरले, तेही रंगाचे आणि आतल्या फुलाफुलांच्या छताचे. ती बनवणाऱ्या हातांचं पुढे काय झालं, हे कोणी विचारलं नाही. आपल्या आठवणींतही काम करणारा माणूस फ्रेमबाहेर असतो. वॉचमन होता तसाच.

‘अरे, साधी आठवण आहे, एवढं काय मनावर घेतोस?’ आतेभाऊ म्हणाला. घेतो, कारण आठवणीतूनच मागणी ठरते. ज्याची आठवण शोरूमची, तो मोठेपणी शोरूमच मागतो. महाडला एमआयडीसी आहे, ती मुख्यतः रसायनांची. आपल्याकडची पोरं आयटीआय करतात, मुंबई-पुण्याला जाऊन दुसऱ्याच्या गाड्या चालवतात, पुसतात, राखतात. आपल्या भागात गाड्यांचं काही का बनत नाही, असा प्रश्न त्यांना पडत नाही. आपण गाड्या बघायच्या, हेच मनात पक्कं बसलेलं असतं.

आणि ती लाल गाडी चालणार कुठे होती? तिच्या पोटाखाली जेमतेम चार-पाच इंचांचं अंतर. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाची वाट बघण्यात आमची तरुणाई गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी बस माणसांसकट नदीत गेल्या. आमच्याकडे घरच्यांना काळजी असते ती गाडी पोचेल का याची. किती वेगाने पोचेल, हे नंतरचं. त्या पुलाचा फोटो आतेभावाने कधी स्टेटसला ठेवलेला मला आठवत नाही.

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर बांधणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे, हिरोजी इंदुलकर. गड चढून आलेला माणूस देवाच्या आधी त्या नावापाशी थांबतो. पाचाडच्या पोराला हे कोणी शिकवायला लागत नाही, आतेभाऊ स्वतः पर्यटकांना ती पायरी दाखवतो. मग त्याच पोराने विकणाऱ्याच्या काचेसाठी का रडावं?

सुट्टीच्या दिवशी पाचाडला एखादी भारी गाडी येते. तिच्याभोवती घोळका होतो, सेल्फी निघतात. मी आतेभावाला एवढंच सांगितलं, पुढच्या वेळी सेल्फी काढू नको. मालकाला सरळ म्हण, ‘दादा, बॉनेट उघडून दाखवता का?’ नाही म्हणाला तर निदान कळेल की काच अजून आहे, फक्त शोरूम गेलंय.

आणि हो म्हणाला, तर हात मागे ठेवू नको.