सॉफ्टवेअरची वही आपल्याच ताब्यात हवी

वहीत आकडा चुकला तर जुना व्यापारी तो खरवडत नाही. त्यावर एक रेघ मारतो, बाजूला नवा आकडा लिहितो व सही करतो. जुने वाचता आले पाहिजे, हा त्यामागचा दंडक. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारी लहान असो वा मोठी, ती लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, हे आपण सारे जाणतो.

संगणकात मात्र नवे लिहिले की जुने पुसले जाते. आमच्या काष्टीसारख्या बाजारगावात आता दुकानदार बिलाचे सॉफ्टवेअर ओळखीच्या शिकलेल्या मुलाकडून करून घेतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील ५ टक्के जीएसटीची मर्यादा नगामागे १००० वरून २५०० रुपये झाली. असा बदल करताना बिल चुकू लागले, तर कालचे सॉफ्टवेअर परत आणायचे कोठून? तो मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला की दुकान यतीमच होते.

यावर इलाज म्हणजे व्हर्जन कंट्रोल. प्रत्येक फेरफार कोणी, कधी व का केला, याची ही नोंदवही. तिच्यातून हवे ते जुने रूप परत काढता येते.

निवड कोणती करावी? सबव्हर्जनमध्ये सारा इतिहास एका मुख्य संगणकावर राहतो. गिटमध्ये सहसा प्रत्येक प्रतीबरोबर पूर्ण इतिहास असतो, व नोंद करण्यास इंटरनेट लागत नाही. ते मोफतही आहे. आमचे मत गिटला. त्याचा जन्मही बोधप्रद आहे. लिनक्सची मंडळी २००२ पासून बिटकीपर नावाचे दुसऱ्याच्या मालकीचे साधन वापरीत. २००५ साली त्या कंपनीने मोफत वापर बंद केला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिले. परक्याच्या मेहरबानीवर आपला दफ्तरखाना ठेवू नये, हा त्यातला धडा.

सुरुवात अवघड नाही. 'गिट इनिट' या हुकमाने फोल्डरची वही होते, 'गिट ॲड' ने फाइली निवडायच्या, 'गिट कमिट' ने कारणासह नोंद करायची. "बदल केला" एवढे लिहून भागत नाही. "२५०० रुपयांपर्यंत ५ टक्के केले" असे लिहावे. एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. गिटहब ही प्रत ठेवण्याची जागा आहे, ते म्हणजे गिट नव्हे. तेथे ठेवल्यास ती प्रत खाजगी असावी. गिऱ्हाइकांची नावे, उधारी व पासवर्ड त्यात मुळीच घालू नयेत. ती अमानत आहे. हिसाबाच्या माहितीची नक्कल वेगळी ठेवावी.

म्हणून काम देतानाच मुलाशी लेखी ठरवावे: नोंदी गिटमध्ये होतील, पूर्ण प्रत दुकानात राहील, आणि ती मिळाल्यावर शेवटचा हप्ता. मुलाचा मेहनताना वेळेवर द्यावा, आणि आपली वही आपल्याकडे ठेवावी. यात दोघांचीही इज्जत राहते.