‘खरा नास्तिक कोणीच नसतो’ : एका जुन्या दाव्याची चिकित्सा



अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या कानांवर हे वाक्य केव्हा ना केव्हा पडलेच असेल : “तुम्ही ईश्वर मानत नाही असे म्हणता, पण अंतर्यामी मानताच!” कधी ते शेजारी सांगतो, कधी सहकारी, कधी मुलांचे शाळासोबती. आपल्याच देशबांधवांच्या मेळाव्यात त्याला पुस्तीही जोडली जाते : “बुद्धापुढे मेणबत्ती लावताच ना? मग तोच तुमचा देव.” वाक्य गोड असते, म्हणून आपण हसून सोडून देतो. परंतु ते सोडून देण्याजोगे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा दावा नवा नाही. पहिल्या शतकात पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात असे प्रतिपादन केले, की सृष्टीवरून ईश्वर सर्वांना उघड दिसतो. जे नाकारतात ते सत्य दाबून ठेवतात आणि म्हणून त्यांना सबब उरत नाही. सोळाव्या शतकात जॉन कॅल्विनने ईश्वराची जाणीव प्रत्येक मनात कोरलेलीच असते, असे सांगितले. आपल्याकडेही दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या आरंभीच ही युक्ती योजली आहे. सारे लोक कोणत्या ना कोणत्या नावाने ईश्वरालाच भजतात. बौद्ध ‘सर्वज्ञ’ म्हणून भजतात आणि चार्वाकसुद्धा त्यातून सुटत नाहीत, असा त्यांचा आशय. ज्यांनी बौद्धांच्या खंडनासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यांनीच बौद्धांना न विचारता भक्तांच्या यादीत बसविले!

या युक्तिवादातील चलाखी ध्यानात घ्यावी. मूळ प्रश्न ‘ईश्वर आहे काय?’ हा. त्याचे उत्तर देण्याऐवजी नाकारणाऱ्याच्या मनाचाच ताबा घेतला जातो. तो गप्प राहिला तर भ्याला, रागावला तर सत्य दडपतो, शांत राहिला तर सोंग करतो! वैद्यकशास्त्रात जी चाचणी प्रत्येक माणसाला रोगीच ठरविते, तिला आम्ही चाचणी मानीत नाही. ती टाकून देतो.

“थांबा, मरणकाळी पाहू,” असे मग सांगितले जाते. युद्धातील खंदकात कोणी नास्तिक नसतो, ही म्हण या देशात फार प्रिय आहे. रुग्णशय्येजवळ माझी तीस वर्षे गेली. मी श्रद्धावंतांना भयाने कापताना पाहिले आहे आणि अश्रद्धांना शांतपणे निरोप घेतानाही. उलटेही पाहिले आहे. एक सेवानिवृत्त शिक्षिका शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे दोनच गोष्टी मागत होत्या : वेदना कमी करा आणि मुलगी येईपर्यंत मला शुद्धीवर ठेवा. पाद्र्याला बोलावू का, असे परिचारिकेने विचारले, तेव्हा त्यांनी नम्रपणे नको म्हटले. त्यांच्या त्या ‘नको’वर अविश्वास दाखविण्याचा अधिकार मला कोणी दिला?

वेदनेत कोणी “ओ गॉड” म्हणाले, तर त्यावरून काय सिद्ध होते? मराठी माणूस ठेच लागली की “आई गं!” म्हणतो, म्हणून त्याची आई सर्वत्र उपस्थित असते, असा निष्कर्ष कोणी काढीत नाही. आणि भयाने कोणी हात जोडलेच, तरी ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही आपली म्हण आहेच; त्यावरून गाढवाचे देवत्व ठरत नाही. भगतसिंगांनी १९३० साली लाहोरच्या तुरुंगात, फाशीच्या छायेत, आपण नास्तिक का आहोत हे लिहून ठेवले. शेवटच्या दिवसांत तुम्ही श्रद्धाळू व्हाल, असे त्यांनाही सांगण्यात आले होते. तसे होणे मी माझी अवनती समजेन, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता.

लहान मुलांना प्रत्येक घटनेमागे कर्ता दिसतो, ही मानवी प्रवृत्तीच आहे, असे काही मानसशास्त्रज्ञ म्हणतात. असेलही. गोडाची ओढही उपजतच असते. पण पथ्य पाळणाऱ्या मधुमेही रुग्णाला ‘तू अंतर्यामी साखर खातोसच’ असे कोणताही वैद्य म्हणत नाही. प्रवृत्ती वेगळी, विचारान्ती स्वीकारलेले मत वेगळे.

हा प्रश्न आपल्याला केवळ तात्त्विक नाही. ‘तुझे मन तुझ्यापेक्षा मला अधिक कळते’ ही भाषा आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास परमपूज्य बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. तेव्हा ही नुसती धमकी आहे, असे म्हणणारे थोडे नव्हते. त्यांना उत्तर मिळाले १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला. बावीस प्रतिज्ञांतील पहिल्या पाच प्रतिज्ञा देवांना आणि अवतारकल्पनेला स्पष्ट नकार देतात. पाचवी तर बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचा प्रचारच खोटा ठरविते. लाखो स्त्री-पुरुषांनी त्या उभे राहून उच्चारल्या. ‘तुम्ही मानताच’ म्हणणारा त्या सर्वांना खोटे ठरवितो.

या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तरी असे केले नाही. मेरीलँड राज्यात रॉय टोरकासो यांनी ईश्वरावरील श्रद्धेचे प्रतिज्ञापन नाकारले, म्हणून त्यांना नोटरीचे पद मिळेना. १९ जून १९६१ रोजी न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरविली आणि निकालाच्या तळटीपेत, ईश्वरावरील श्रद्धा न शिकविणाऱ्या धर्मांत बौद्ध धम्माचा नावाने उल्लेख केला.

मात्र दोष केवळ इतरांचा नाही. बुद्धमूर्तीपुढे नवस बोलणारी, परीक्षेपूर्वी मुलाला ‘मागून घे’ म्हणणारी घरे आपल्यातही आहेत. तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे मुलांना आपण समजावले नाही, तर उदयनाचार्यांचे म्हणणे आपणच खरे करून दाखवू. आणि ‘श्रद्धाळू लोकही मनातून मानीत नाहीत, केवळ भितात’ असे आपण म्हणतो, तेव्हा तीच चूक आपणही करतो.

तेविज्ज सुत्तात तथागतांनी वासेट्ठाला, तुझे मन मी ओळखतो, असे म्हटले नाही. तीन वेद जाणणाऱ्यांपैकी कोणी ब्रह्म्याला प्रत्यक्ष पाहिले आहे काय, एवढेच विचारले. आणि उत्तर नकारार्थी आले, तेव्हा न पाहिलेल्या प्रासादासाठी चौरस्त्यावर जिना बांधणाऱ्या माणसाची उपमा दिली. समोरच्याचा शब्द प्रामाणिक मानावा आणि मग पुरावा मागावा, ही आपली रीत. आपल्या मुलांनीही एवढेच म्हणावे : “मी मानीत नाही, हा माझा शब्द आहे. तुमच्या ईश्वराचा पुरावा माझ्या मनात शोधू नका.”

नमो बुद्धाय! जय भीम!