बॅकने पुढे जावे काय?

वर्धापनदिनी होणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या सामन्याची आखणी करण्यासाठी मध्यंतरी बैठक झाली. तीत सामन्यापेक्षा दुसऱ्याच विषयावर अधिक बोलणे झाले. विद्यार्थ्यांच्या संघातील डाव्या-उजव्या बॅकनी मैदानाची मधली रेषा ओलांडू नये, असा आमच्या वेळचा दंडक पुन्हा घालावा, ही सूचना एका ज्येष्ठ बंधूंनी मांडली. अर्धी सभा तिच्या बाजूने उभी राहिली. आम्हांला तेथे आमचे म्हणणे नीट मांडता आले नाही. ते येथे मांडतो.

ज्या पालकांचा फुटबॉलशी फारसा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. गोलरक्षकाच्या पुढे बहुधा चार बचावपटू असतात. त्यांतील दोन्ही कडांचे दोघे म्हणजे फुल बॅक. हे नाव जुन्या मांडणीतले. पाच आघाडीवर, तीन मध्ये आणि दोघेच अगदी मागे, असा खेळ एके काळी असे. त्या मागच्या दोघांना हे नाव पडले. पुढे मांडणी बदलली, नाव राहिले, आणि त्या नावाचा माणूस हळूहळू पुढे सरकू लागला. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलचा डावा बॅक निल्टन सांतोस ऑस्ट्रियाविरुद्ध थेट प्रतिस्पर्ध्यांच्या गोलापर्यंत गेला आणि गोल करून परतला, तेव्हा त्याचे मोठे नवल झाले. आज बॅक पुढे गेला नाही तर नवल वाटते.

बॅकचे पहिले काम बचाव आहे, हे आम्हांला मान्य आहे. समोरचा विंगर अडवता न येणारा बॅक कितीही सुरेख क्रॉस टाकत असला, तरी त्याला त्या जागी उभे करू नये. मतभेद आहे तो ‘पहिले काम’ या शब्दांच्या अर्थाविषयी. बचाव म्हणजे मागे उभे राहणे, असा अर्थ सूचना मांडणाऱ्यांनी गृहीत धरला आहे. फुटबॉलचा इतिहास तसे सांगत नाही.

इटलीच्या इंटर मिलान संघाचेच पाहा. १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे हा संघ युरोपचा विजेता ठरला. त्याचे प्रशिक्षक हेलेनियो हेरेरा यांचा खेळ बचावासाठी इतका प्रसिद्ध होता की टीकाकारांना त्याचा कंटाळा येई. त्याच संघाचा डावा बॅक जियाचिंतो फॅकेत्ती मात्र बेधडक पुढे धावत असे. १९६५ च्या उपांत्य फेरीत लिव्हरपूलकडून पहिला सामना ३-१ असा हरल्यावर मिलानमध्ये इंटरने तो ३-० असा फेडला. तिसरा गोल फॅकेत्तीचा होता. जगातील सर्वांत सावध संघाने आपल्या बॅकला ही मोकळीक कशी दिली? त्याच्या मागे अर्मांडो पिक्की हा मोकळा बचावपटू केवळ रिकामी जागा राखण्यासाठी ठेवलेला होता, आणि उजवीकडचा बॅक बुर्गनिच सहसा जागा सोडत नसे. फॅकेत्तीचे धावणे ही एका माणसाची हौस नव्हती. बाकीच्यांनी वाटून घेतलेले ते काम होते.

याच फॅकेत्तीची दुसरी कथा आम्हांला अधिक मोलाची वाटते. १९७० च्या विश्वचषकाचा अंतिम सामना मेक्सिको शहरात झाला. ब्राझीलने इटलीला ४-१ असे हरवले, आणि चौथा गोल ब्राझीलचा कर्णधार, उजवा बॅक कार्लोस अल्बर्टो याने केला. तो गोल अनेकांनी पाहिला असेल. पेलेने शांतपणे उजवीकडे सरकवलेला चेंडू, आणि पडद्याबाहेरून धावत आलेला बॅक. पण त्याच्यासमोर तेवढे मोकळे रान कोठून आले? ती बाजू फॅकेत्तीची होती. ब्राझीलचा उजवा विंगर जैरझिन्हो आपली कड सोडून दुसऱ्या बाजूला गेला, आणि नेमून दिलेल्या माणसाची पाठ सोडायची नाही या आज्ञेप्रमाणे फॅकेत्ती त्याच्यामागे गेला. हल्ल्याच्या मोहाने त्याने जागा सोडली नव्हती. तो दिलेला बचावच तंतोतंत करत होता, आणि त्यातूनच ती बाजू उघडी पडली.

अलीकडचे उदाहरण तेव्हा लिव्हरपूलकडून खेळणाऱ्या ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्डचे. २०१८-१९ च्या इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये या उजव्या बॅकच्या १२ पासेसवर सहकाऱ्यांनी गोल केले. बचावात तो कच्चा आहे, ही टीकाही तितकीच सतत होत आली. २०२२ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात रिअल माद्रिदचा एकमेव गोल झाला तो त्याच्याच पाठीमागून. व्हॅल्वर्डेचा चेंडू आडवा आला आणि दूरच्या खांबाशी व्हिनिशियसने तो आत लोटला. दुसऱ्या दिवशी पुष्कळांनी पुढे जाणाऱ्या बॅकचे दोष मोजले. पण त्या क्षणी तो पुढे गेलेला नव्हता. तो आपल्याच गोलासमोर होता. पाठीमागचा माणूस तेवढा नजरेतून सुटला. मधल्या रेषेचा कोणताही दंडक तो गोल थांबवू शकला नसता. मान वळवून मागे पाहण्याची सवय थांबवू शकली असती, आणि ती सरावानेच लागते.

उलट २००२ मध्ये ब्राझीलचे काफू आणि रॉबर्टो कार्लोस दोन्ही कडांनी सतत वर असत. प्रशिक्षक स्कोलारी यांनी त्यांच्यामागे तीन मध्यबचावपटू उभे केले होते. सातही सामने जिंकताना त्या संघावर अवघे चार गोल झाले.

आपल्याकडे हे कबड्डी खेळलेल्या कोणालाही सांगावे लागू नये. कोपऱ्यातल्या गड्याने चढाईपटूच्या घोट्याला हात घातला आणि शेजारचा धावून आला नाही, तर गुण जातो. शेजारचा आला, तर तीच उडी पकड ठरते.

बैठकीत एका मित्राने मध्यम मार्ग सुचवला: बॅकने थोडे पुढे जावे, थोडे मागे राहावे. आपल्या संस्थेत हा शब्द आला की विरोध करणे जड जाते. तरी सांगतो, मैदानावर याहून वाईट जागा नाही. अर्ध्यावर घुटमळणाऱ्या बॅकचा पुढे उपयोग होत नाही आणि मागचा विंगरही त्याच्या हाती लागत नाही. आणि दोन टोकांच्या बरोबर मधोमध उभे राहणे म्हणजे मध्यम मार्ग, असे शाळेने आम्हांला कधी शिकवले नव्हते.

आता आमच्याविषयी. आम्ही नववीत असताना एका महत्त्वाच्या सामन्यात अखेरच्या मिनिटांत आमचा उजवा बॅक चेंडू घेऊन दंडक मोडून वर गेला. क्रॉस अडला, प्रतिस्पर्ध्यांनी लांब चेंडू त्याच्या मोकळ्या जागेत टाकला, गोल झाला, आम्ही हरलो. परतताना गाडीत त्याच्याशी कोणी बोलले नाही. भोजनगृहात कितीतरी दिवस त्याला टोपणनाव लावून हाक मारली गेली. त्यानंतर तो मैदानावर आला नाही. जे आम्ही आजवर कोठे सांगितले नाही ते असे, की त्याच्या पुढे खेळणारा उजवा हाफ आमच्यापैकीच एक होता. बॅक बाजूने निघून गेला तेव्हा हाफने मागे सरकून ती जागा भरायची असते. आमचा हाफ कमरेवर हात ठेवून क्रॉस पाहत उभा होता. त्याला कोणी काही विचारले नाही, कारण दंडक बॅकसाठी होता, हाफसाठी नव्हता.

दंडकाला आमचा विरोध आहे तो मुख्यतः यासाठी. पाचवी-सहावीच्या लहान मुलांना, ज्यांना अजून जागांचे भान नाही, त्यांना काही काळ मागे थांबवणे योग्यच आहे. त्याविषयी क्रीडाशिक्षकांशी आमचा वाद नाही. मोठ्या मुलांना मात्र रेषा दाखवण्याऐवजी एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी: तू निघालास, तर मागे कोण आहे? उत्तर नसेल तर जाऊ नये. आणि हा प्रश्न बॅकइतकाच हाफला, मध्यबचावपटूंना आणि गोलरक्षकालाही विचारला जावा.

यंदाच्या सामन्यासाठी आम्ही त्या मित्राला निरोप धाडला आहे. अद्याप उत्तर नाही. उजव्या बॅकची जागा आम्ही कोणाला दिलेली नाही, आणि हाफवर कोण खेळणार हे ठरले आहे, तोच, तेव्हाचा. पन्नाशीजवळ आलेला असल्याने तो सध्या रोज पहाटे धावण्याचा सराव करत आहे.