झाडे मोजण्याचा धंदा : हिशेब आणि इमान

आपल्या वस्त्यांतील कित्येक माणसांनी उद्यान खात्यात माळी म्हणून किंवा ठेकेदाराकडे छाटणी कामगार म्हणून आयुष्य काढले आहे. बुंध्यावर थाप मारली की झाड आतून पोकळ आहे काय, हे त्यांना कळते. पण या माहितीची किंमत त्यांना रोजंदारीपलीकडे कधी मिळाली नाही. तीच माहिती कागदावर नीट मांडणाऱ्यास आज वृक्ष सर्वेक्षण सल्लागार म्हणतात.

एका वाचक भगिनीने विचारले आहे, की त्यांचा मुलगा वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. झाला आहे, वडिलांबरोबर माळीकामही शिकला आहे; त्याने हा धंदा काढावा काय, आणि त्यासाठी बँकेतली ठेव मोडावी काय? आमचे उत्तर असे, की धंदा जरूर काढावा, पण ठेव मोडू नये.

प्रथम हे काम येते कोठून ते पाहू. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रासाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे. महापालिका वा नगरपालिकेच्या हद्दीत परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते स्वतःच्या अंगणातले का असेना. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे हेही याच कायद्याने वृक्ष प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. मुंबईच्या २०१८ च्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे नोंदली गेली. एवढी झाडे कोणीतरी पायी फिरूनच मोजली ना? शिवाय जुनी इमारत पाडून नवी बांधायची, रस्ता रुंद करायचा, की झाडांची यादी लागतेच. पावसाळ्यापूर्वी फांदी कोसळण्याची भीती असते, तेव्हा सोसायटीवाल्यांना जाणता माणूस हवा असतो.

कामाचे स्वरूप असे. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यायचा, मराठी व शास्त्रीय नाव लिहायचे. जमिनीपासून सुमारे साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर, बुंध्याचा घेर मोजायचा. उंची, पसारा, अंदाजे वय, कीड, पोकळी, बुंध्यावरची भूछत्रे, मुळांभोवतीचे सिमेंट यांची नोंद करायची. मोबाईलवर ठिकाण व फोटो घ्यायचा. शेवटी सल्ला द्यायचा : ठेवा, छाटा, आधार द्या, की तोडण्याचा अर्ज करा. परवानगी देणे आपल्या हाती नाही, ते प्राधिकरणाचे काम. हे ग्राहकास पहिल्याच भेटीत सांगावे, म्हणजे पुढे तंटा होत नाही.

यास भांडवल किती? मोजपट्टी, लाकडी हातोडी, दुर्बीण, वही आणि घरात असलेला मोबाईल. म्हणूनच आम्ही म्हणतो, ठेवीला हात लावू नका. ऑफिस थाटणे, पाटी रंगवणे हे नंतरचे. मुलाने आधी आपल्याच वस्तीतील किंवा शाळेच्या आवारातील शंभर झाडांचा पूर्ण अहवाल फुकट करून द्यावा. नवा ग्राहक पहिला प्रश्न विचारतो, आधी काय केले आहे? त्याला हाच अहवाल दाखवावा. मग लागूनच्या सोसायट्यांचे चिटणीस, वास्तुविशारद, रोपवाटिकावाले यांना भेटावे. मार्च-एप्रिलमध्ये भेटावे, कारण जूनमध्ये झाड पडल्यावर सगळेच धावपळीत असतात.

दर सांगताना भीड धरू नये. समजा, सोसायटीत ६० झाडे आहेत. दोघांना दोन दिवस मोजणी, एकाला एक दिवस अहवाल, असे पाच माणूस-दिवस झाले. दिवसाला ८०० रुपये धरले तर ४००० होतात. प्रवास व छपाई ६००. झाले ४६००. न मिळालेल्या कामांच्या भेटीतही दिवस जातात, म्हणून त्यावर निम्मे, २३०० चढवा. एकूण ६९००, म्हणजे झाडागणिक ११५ रुपये. आकडे आपापल्या गावाप्रमाणे बदला, पण रीत हीच ठेवा. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. वडील मदतीला आले तर त्यांचीही मजुरी वहीत लिहावी. घरच्या माणसाचे श्रम फुकट धरले की हिशेब खोटा पडतो.

पॅन व उद्यम नोंदणी करून ठेवावी. केंद्राची खाती व सरकारी कंपन्या यांनी आपल्या खरेदीतील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांकडून करावी, असे २०१२ चे धोरण सांगते. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा १९९० पासून आहे. तेव्हा जातीचा दाखला कागदांत असावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. म्हणजे सल्लागाराने ६० वर्षांच्या वडाला २० वर्षांचा लिहिले, की वारसाही गेला आणि ४० रोपेही गेली. मालक कोणीही असो, तो असे लिहून मागणारच. दुप्पट पैसेही देईल. अशा वेळी घेर, फोटो आणि तारीख नोंदवहीत असली, तर नाही म्हणणे सोपे जाते. तोडणाऱ्या ठेकेदाराकडून दलाली घेऊ नये. तोडीवर पैसे मिळू लागले की प्रत्येक झाड धोकादायक दिसू लागते.

खोटा अहवाल एकदा उघड झाला की पुन्हा कोणी दारात उभे करत नाही. खरा अहवाल देणाऱ्यास एक-दोन ग्राहक सोडतील, पण प्राधिकरणाच्या टेबलावर त्याची सही ओळखीची होईल. भगिनी, मुलाला एक वर्षाची मुदत द्या. तोवर त्याने सकाळी शिकवण्या घ्याव्यात किंवा अर्धवेळ नोकरी करावी. वर्षअखेर वही उघडून तिघांनी मिळून बसावे आणि आकडे काय सांगतात ते पाहावे. आणि अहवालावर सहाय्यक म्हणून वडिलांचे नाव छापावे. इतकी वर्षे त्यांनी झाडे सांभाळली. ते नाव कागदावर येण्याचा हक्क त्यांचा आहे.