शब्दांची ओळख : थर्मायॉन



या वेळचा शब्द विज्ञानाच्या पुस्तकातला आहे, पण घाबरू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांनी या शब्दाची करामत रोज पाहिलेली आहे, फक्त नाव ठाऊक नव्हते. शब्द आहे थर्मायॉन.

आधी शब्द फोडू या. दोन्ही तुकडे ग्रीक. ‘थर्म’ म्हणजे उष्ण आणि ‘आयॉन’ म्हणजे जाणारा. ‘आयॉन’ हा शब्द फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८३४ साली रूढ केला. आता गंमत बघा. ग्रीक ‘थर्म’ आणि संस्कृत ‘घर्म’ एकाच मुळातून आलेले, आणि घर्मावरून आपला मराठी ‘घाम’ आला! ‘आयॉन’मधले जाणे आणि उत्तरायणातले ‘अयन’ हेही एकाच कुळातले. म्हणजे हा परका वाटणारा पाहुणा आपलाच चुलतभाऊ निघाला.

अर्थ असा : धातू खूप तापवला की त्यातून विजेचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात, ते थर्मायॉन. पातेल्यातले पाणी तापले की वाफ निघते ना, तसेच समजा. हे कण बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनच असतात. पण बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन आपणहून फार दूर जात नाहीत, कारण धातू त्यांना मागे ओढतो. समोर धन विजेची पट्टी ठेवली तर मात्र ते तिकडे धाव घेतात.

एडिसनला १८८३ साली विजेच्या दिव्यात हेच दिसले. तापलेल्या तारेपासून समोरच्या पट्टीकडे पोकळीतून वीज वाहत होती, पण कारण कळेना. कळणार कसे? इलेक्ट्रॉनचा शोधच लागला १८९७ साली. पुढे १९०१ मध्ये ओवेन रिचर्डसन यांनी उष्णता आणि बाहेर पडणाऱ्या कणांचा हिशेब मांडला. धातू थोडाच जास्त तापला तरी कण कितीतरी पटींनी वाढतात, हे त्यांनी दाखवले. या कामाबद्दल त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा उपयोग फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये केला. त्यांच्या काचेच्या नळीतून वीज एकाच दिशेने जाई, झडपेसारखी, म्हणून तिचे नाव व्हॉल्व्ह. आता आजी-आजोबांना आठवेल! मुंबईत रेडिओचे बटण फिरवले की लगेच आवाज येत नसे. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागे. आतली तार तापून इलेक्ट्रॉन सुटेपर्यंत बिनाका गीतमालेलाही थांबावे लागे! काही रेडिओंवर हिरवा डोळा उजळायचा, तोही एक व्हॉल्व्हच. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्याला तापावे लागत नाही, म्हणून ट्रान्झिस्टर बटण दाबताच बोलू लागला.

मग हा शब्द आता मोडीत निघाला का? नाही हो! बहुतेक मायक्रोवेव्ह ओव्हनच्या आत आजही तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग असतो. दवाखान्यातल्या एक्स-रे यंत्रातही तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन निघतात आणि जोराने धातूवर आदळतात, तेव्हा एक्स-रे तयार होतात. यंत्र बंद केले की एक्स-रेही बंद. फोटो काढून आलेल्या माणसाच्या अंगात किंवा कपड्यांत ते उरत नाहीत, म्हणून नातवंडांना जवळ घ्यायला मुळीच कचरू नका. इंजेक्शनमधून किरणोत्सारी औषध देऊन केलेली तपासणी वेगळी. तिथे डॉक्टर सांगतील तसे वागावे.

वापराबद्दल दोन शब्द. आजकाल पुस्तकांत नुसते ‘थर्मायॉन’ क्वचित दिसते, ‘इलेक्ट्रॉन’ म्हणतात. विशेषण मात्र टिकून आहे. उदाहरणार्थ, ‘व्हॉल्व्ह थर्मायॉनिक उत्सर्जनावर चालतो.’ उत्सर्जन म्हणजे बाहेर टाकणे.

जाता जाता, ‘इलेक्ट्रॉन’ हा शब्दही ग्रीकच. मूळ अर्थ तृणमणी. यहेज्केल नबीच्या पुस्तकातल्या ‘खश्मल’ या हिब्रू शब्दासाठी जुन्या ग्रीक भाषांतरात ‘इलेक्ट्रॉन’ हाच शब्द घातला आहे. आणि आज इस्राएलमध्ये विजेला आपण काय म्हणतो? खश्मल!

मुलांनो, एक सूचना. घरात जुना व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर तो उघडू नका. वायर काढली तरी आत वीज साठून राहिलेली असू शकते आणि जबर झटका बसतो.

आता तुमच्यासाठी प्रश्न : जुन्या ट्यूबलाइटची दोन्ही टोके काळी का पडतात? आजोबांना विचारा, आणि उत्तर मराठीतच लिहून पाठवा. चुकले तरी चालेल!