शांतता कोणी खाल्ली?

'जुने होते ते चालते केले', असे हल्ली ज्या दिमाखाने सांगण्यात येते, त्या दिमाखाविरुद्ध मला चार शब्द बोलावयाचे आहेत. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, कादंबऱ्या लिहितो, संगणकातला पंडित नव्हे. पण कानांनी ऐकले त्याची साक्ष द्यावयाला पदवी लागत नाही.

आमच्या शाळेतील एका दिवंगत गुरुजींनी जुन्या संगणकावर बेसिक भाषेत प्रार्थनेची चाल बसविली होती. ही भाषा अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी १९६४ साली चालू केली, ती विज्ञान-गणिताबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही यंत्राशी बोलता यावे म्हणून. गुरुजींनी तो हेतू सार्थ केला. पण त्यांचे जीडब्ल्यू-बेसिक आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर सरळ चालत नाही. म्हणून एका हुशार तरुणाने ती चाल नव्या बेसिकमध्ये उतरविली. पहिल्याच सकाळी मुले दुसऱ्या ओळीला धापा टाकू लागली. तरुण म्हणाला, "सर, चालतंय ना? मग झालं!"

नाही झाले!

गुरुजींनी प्रत्येक स्वराची लांबी घड्याळाच्या ठोक्यांत दिली होती. सेकंदाला सुमारे १८.२ ठोके. ती नव्या यंत्रावरही टिकली. पण दोन ओळींमधला विसावा त्यांनी निराळ्या युक्तीने साधला होता: 'एकपासून तीन हजारांपर्यंत मोज, मग पुढे जा.' जुने यंत्र मोजीत बसे, तेवढ्यात मुले श्वास घेत. नवे यंत्र ही मोजणी पापणी लवण्याच्या आत उरकते. सूर राहिले, शांतता गेली. यंत्राच्या मंदपणावर विसंबले ही गुरुजींचीही चूक, हे मी मान्य करतो. पण चूक दुरुस्त करणे वेगळे आणि ती कानाआड करणे वेगळे.

आता तरुणाचा आग्रह असा की, 'साउंड' आज्ञेतले गबाळे आकडे काढून सगळे 'प्ले' आज्ञेत लिहू. सुटसुटीत होईल म्हणे! 'साउंड'ला सेकंदाची आंदोलने सांगावी लागतात. 'प्ले'ला पाश्चात्त्य स्वरांची अक्षरे. गुरुजींनी आपल्या संगीतशास्त्राच्या रीतीप्रमाणे षड्ज २४०, गांधार ३००, पंचम ३६० असा धरला. 'प्ले'च्या ठरीव बारा स्वरांत २४० चा षड्ज नाहीच. शेजारी सापडतात ते सुमारे २३३ आणि २४७ चे. गबाळे म्हणून जे फेकावयाचे, तो गुरुजींचा कान आहे.

डॉसबॉक्ससारखी साधने जुन्या यंत्राची नक्कल करतात, यंत्र हवे तितके मंदही करता येते, असे कोणी म्हणेल. ती जरूर वापरावीत. पण अशाने विसाव्याचे माप साधनाच्या खुंटीवर राहते, चालीत उतरत नाही.

माझी मागणी लहान आहे. मूळ प्रत जशीच्या तशी ठेवा. जुने यंत्र किंवा त्याची नक्कल चालवून विसावा मोजा, आणि मोजणीच्या जागी घड्याळाचे सेकंद लिहा. आंदोलनांच्या आकड्यांना हात लावू नका. जे बदलाल ते का बदलले, हे 'रेम'च्या ओळीत नोंदवा. ती ओळ यंत्र सोडून देते. ती माणसासाठीच असते. गुरुजींनी अशी एक जरी ओळ लिहून ठेवली असती, तर आमची मुले त्या सकाळी धापा टाकीत उभी राहिली नसती.